गल्लीतून विभागाकडे : मुंबईच्या 'एएलएम'ची वाटचाल

मुंबई महापालिकेच्या कुठल्याही विभाग कार्यालयात 'एएलएम' म्हटले की शिपायापासून सहायक आयुक्तांपर्यंत सर्वांना कळते. पूर्ण नाव अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट. पालिकेच्या कागदांवर 'प्रगत परिसर व्यवस्थापन'. नाव जड असले तरी व्यवहार सरळ आहे. एका रस्त्यावरच्या किंवा लगतच्या काही इमारतींतल्या रहिवाशांनी एकत्र यायचे, पालिकेकडे नोंद करायची, ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची हमी द्यायची. त्या बदल्यात गल्लीतल्या प्रश्नांवर अधिकाऱ्यांशी थेट बोलण्याची वाट मोकळी होते. या देवाणघेवाणीला आता तीन दशके होत आली. कचऱ्याच्या डब्यापासून निघालेली ही माणसे पुढे नाल्यांपर्यंत, मैदानांपर्यंत, निवडणुकीपर्यंत आणि शहराच्या विकास आराखड्यापर्यंत पोहोचली. जिथे त्यांची वाट अडली, तिथे मुंबईच्या नागरी कारभारातली एक मूलभूत उणीवही उघडी पडली.

सुरतची धास्ती, घाटकोपरची गल्ली

1994 च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली. तिथून निघालेल्या गाड्या मुंबईत येत होत्या आणि त्यांच्याबरोबर भीतीही येत होती. रस्त्याच्या कोपऱ्यात साठलेला उकिरडा हा तोवर केवळ घाणीचा विषय होता, तो जिवाचा विषय झाला. 1996 मध्ये अलमित्रा पटेल यांनी शहरांतल्या कचऱ्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्या खटल्यातूनच पुढे 2000 सालचे देशव्यापी घनकचरा नियम आले. म्हणजे एकीकडे न्यायालय पालिकांना जाब विचारत होते आणि दुसरीकडे पालिकेला कळून चुकले होते, की घराघरांत कचरा वेगळा झाल्याशिवाय पुढचे काहीच जमणार नाही.

याच काळात, 1996-97 च्या सुमारास, घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी पालिकेच्या सहकार्याने आपल्या गल्लीचा कचरा स्वतः हाताळायला सुरुवात केली. घरात दोन डबे, ओल्या कचऱ्याचे गल्लीतच खत, सुका कचरा वेचकांकडे, आणि कोपऱ्यावरची कचराकुंडी बंद. गल्लीचे रूप पालटले. पालिकेच्या घनकचरा व्यवस्थापन खात्याने हा नमुना उचलला आणि विशेष कार्य अधिकारी सीमा रेडकर यांच्यासारख्यांनी तो इतर विभागांत नेला. गृहनिर्माण संस्थांच्या बैठका घेणे, खताचे खड्डे दाखवणे, शंकांना उत्तरे देणे हे काम कार्यालयात बसून होणारे नव्हते. एका गल्लीचे पाहून शेजारची गल्ली, असे करत बहराच्या काळात एएलएमची नोंद सातशेच्या आसपास गेली.

डबा, खड्डा आणि वर्गणी

बाहेरून पाहणाऱ्याला हे काम सोपे वाटते. गल्लीत ते करणाऱ्याला पहिला प्रश्न हमखास ऐकावा लागे : "आम्ही कर भरतो, मग कचरा आम्ही का निवडायचा?" दुसरा प्रश्न खताच्या खड्ड्याच्या जागेचा. वास येईल म्हणून तळमजल्याचा विरोध, गाडी लावायची जागा जाईल म्हणून दुसऱ्याचा. तिसरा प्रश्न वर्गणीचा. सर्वसाधारण सभेत माना डोलावणारे वर्गणी मागायला गेल्यावर दार उघडत नसत.

शिवाय मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतला कचरा घरमालक क्वचितच हाताळतो. तो घरकाम करणाऱ्या बाईच्या हातून डब्यात जातो आणि सफाई कामगाराच्या हातून गाडीत. म्हणून जिथे एएलएम टिकली, तिथे तिने सोसायटीच्या सेक्रेटरीइतकाच वेळ घरकामगार बायकांशी, जमादाराशी, वॉचमनशी आणि पालिकेच्या मुकादमाशी बोलण्यात घालवला. एवढे करूनही वेगळा केलेला कचरा पालिकेच्या गाडीत पुन्हा एकत्र टाकला जाताना दिसला, की वर्षभराच्या समजावणीवर पाणी पडायचे. ही तक्रार पहिल्या दिवसापासूनची आहे आणि आजही पूर्णपणे मिटलेली नाही.

सुक्या कचऱ्याच्या बाजूने मोठा आधार मिळाला तो कचरावेचक बायकांचा. 1975 पासून काम करणाऱ्या स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांच्या पुढाकाराने 1998 मध्ये 'परिसर विकास' हा कार्यक्रम सुरू केला. कचराकुंडीत हात घालून पोट भरणाऱ्या या बायकांना प्रशिक्षण, ओळखपत्र आणि बचतगट मिळाले. त्या खताचे खड्डे आणि बायोगॅस संयंत्रे चालवू लागल्या. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले 'निसर्गऋण' हे बायोगॅसचे तंत्र त्यांच्या हाती आले. एएलएमच्या यशोगाथा सांगताना सोसायटीच्या अध्यक्षाचा फोटो छापला जातो. पण खड्डा रोज उलटापालटा करणारे हात बहुधा या बायकांचे होते.

गल्लीच्या बाहेर

कचऱ्यासाठी एकत्र आलेले लोक कचऱ्यापुरते थांबणार नव्हतेच. विभाग कार्यालयात एएलएमच्या बैठका होऊ लागल्या, पालिकेने समन्वयासाठी अधिकारी नेमले, आणि त्या टेबलावर गल्लीतले सगळेच प्रश्न येऊ लागले : बंद पडलेले दिवे, उखडलेले पदपथ, झाडांची छाटणी, पाण्याचा दाब, अनधिकृत बांधकामे.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. गल्ली स्वतःचा कचरा जिरवू शकते. पण स्वतःचा नाला स्वच्छ ठेवू शकत नाही, कारण तो वरच्या वस्तीतून येतो आणि खालच्या वस्तीत जातो. रस्ता पालिकेचा असला तरी त्याखाली वीज, टेलिफोन आणि गॅस यांच्या वाहिन्या आहेत आणि प्रत्येकाची खोदाई वेगळ्या महिन्यात. शेजारचा भूखंड कधी म्हाडाचा, कधी जिल्हाधिकाऱ्यांचा, कधी रेल्वेचा. एका एएलएमच्या पत्राला इथे किंमत नव्हती. वीस एएलएमनी एकाच पत्रावर सह्या केल्या, तर सहायक आयुक्तांना संबंधित खात्यांना एकत्र बोलवावे लागे. या गरजेतून विभागवार महासंघ उभे राहू लागले. वांद्रे-खारचा 'एच पश्चिम' विभाग यात विशेष जागा राहिला.

शहराच्या पातळीवर दोरा ओवण्याचे काम काही संस्थांनी केले. 1997 मध्ये स्थापन झालेल्या 'प्रजा'ने पालिकेबरोबर 1999 मध्ये नागरिकांची सनद प्रसिद्ध केली. कोणत्या तक्रारीचे निवारण किती दिवसांत व्हावे, हे तिने लेखी आणले. 1999 मध्येच 'अग्नी' ही संघटना उभी राहिली. जाहिरातक्षेत्रातले आणि रंगभूमीवरचे गर्सन दा कुन्हा हा तिचा लोकांना परिचित चेहरा होता. विभागवार समन्वयक नेमून एएलएमना एकमेकींशी आणि पालिकेशी जोडायचे, निवडणुकीत उमेदवारांना मतदारांसमोर उभे करायचे, ही तिची पद्धत. पदपथ आणि मोकळ्या जागांसाठी 1998 पासून 'सिटिस्पेस' न्यायालयात लढत होती. माहिती अधिकाराचा कायदा महाराष्ट्रात 2002 मध्ये आणि देशात 2005 मध्ये आला, तेव्हा या मंडळींच्या हाती मोजपट्टीच आली. रस्त्याच्या कंत्राटात डांबराचा थर किती जाडीचा लिहिला आहे, हे आता निवृत्त शिक्षकालाही मागता येऊ लागले.

याच टप्प्यावर नगरसेवकांशी खटके उडू लागले. "निवडून आम्ही आलो, हे कोण?" हा त्यांचा सवाल अगदीच गैरलागू नव्हता. एएलएमचा अध्यक्ष गल्लीतल्या सभेने निवडलेला असतो, कधी तर फक्त स्वयंघोषित असतो. काही ठिकाणी एकाच रस्त्यावर दोन एएलएम उभ्या राहिल्या, काही ठिकाणी अध्यक्षपद ही पालिकेच्या राजकारणात शिरण्याची पायरी झाली. तरीही अधिकाऱ्यापर्यंत पोहोचायला नगरसेवकाच्या चिठ्ठीची गरज नाही, हा अनुभव सामान्य रहिवाशाला प्रथमच मिळत होता आणि खरी अस्वस्थता त्याचीच होती.

944 मिलिमीटरनंतर

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबई बुडाली आणि शेकडो माणसे दगावली. एरवी आपापल्या फाटकाआत पाहणाऱ्या सोसायट्यांनी त्या रात्री अनोळखी लोकांना जिन्यांत आणि घरांत आसरा दिला. पाणी ओसरल्यावर प्रश्न सुरू झाले. पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी 25 मिलिमीटरवरून 50 वर नेण्याची शिफारस करणारा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल 1993 मध्येच तयार होता, हे नागरिकांना आता कळले. बारा वर्षे तो बहुतांशी कागदावरच राहिला होता.

त्यानंतर नालेसफाई हा एएलएमच्या बैठकांतला कायमचा विषय झाला. पावसाळ्याआधी किती गाळ निघाला, तो कुठे नेला, काठावरच टाकून ठेवला का, याची छायाचित्रे काढून लोक विभाग कार्यालयात नेऊ लागले. प्लास्टिकच्या पिशव्यांनी तोंड बुजलेली गटारे सर्वांनी पाहिली होती, त्यामुळे कचरा वेगळा करण्याचा जुना आग्रहही नव्या जोराने मांडता आला. कचरा आणि पूर हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, हे पटवायला आता भाषणाची गरज उरली नव्हती.

जुहूचा प्रयोग

2007 च्या पालिका निवडणुकीत जुहूच्या नागरिकांनी एक पाऊल पुढे टाकले. पक्षांच्या उमेदवारांतून निवडण्यापेक्षा आपणच उमेदवार ठरवायचा, असे तिथल्या रहिवासी संघांनी ठरवले आणि अॅडॉल्फ डिसूझा नागरिकांचे उमेदवार म्हणून निवडून आले. प्रभागातल्या कामांचा प्राधान्यक्रम नागरिकांच्या सभेत ठरवायचा, ही त्यामागची कल्पना होती. देशभर त्याची चर्चा झाली.

पण दोनशे सत्तावीस जणांच्या सभागृहात एकट्या नगरसेवकाला किती करता येणार? स्थायी समिती, गटनेते आणि पक्षादेश यांवर चालणाऱ्या सभागृहात पक्षाबाहेरच्या माणसाचा आवाज अपुराच पडतो. पुढे असे प्रयत्न इतरत्रही झाले, पण त्यांची लाट झाली नाही. एकजूट झाली तर एक प्रभाग जिंकता येतो, मात्र सभागृह जिंकण्यासाठी पक्षासारखी बांधणी लागते, आणि रहिवासी संघांचा तो पिंड नाही.

आराखडा आणि मैदाने

एएलएम आणि रहिवासी संघांची सर्वांत मोठी एकजूट दिसली ती 2014 ते 2034 या काळासाठीच्या विकास आराखड्यावर. आधी विद्यमान जमीनवापराचे नकाशे आले. आपापल्या भागाचे नकाशे लोकांनी रस्त्यावर उभे राहून तपासले आणि चुका दाखवल्या. असलेली शाळा नाही, नसलेला रस्ता आहे, असले प्रकार ठायी ठायी होते. नकाशा वाचायला शिकवणाऱ्या कार्यशाळा विभागवार झाल्या. नगररचनाकार आणि वास्तुविशारद त्यासाठी पदरमोड करून येत. 2015 मध्ये आराखड्याचा मसुदा आला तेव्हा हजारोंच्या संख्येने हरकती गेल्या. अखेर त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मसुदा मागे घ्यायला लावला. सुधारित मसुदा 2016 मध्ये आला आणि 2018 मध्ये आराखड्याला मंजुरी मिळाली. अंतिम आराखड्याविषयी मतभेद राहिले. पण मुंबईच्या सर्वसामान्य रहिवाशाने एवढ्या मोठ्या संख्येने आपल्या शहराचा नकाशा हातात घेतल्याचे उदाहरण त्याआधीचे नाही.

मोकळ्या जागांच्या लढ्यात असाच अनुभव आला. मैदाने आणि उद्याने खासगी संस्थांना दत्तक देण्याचे धोरण जानेवारी 2016 मध्ये सभागृहाने मंजूर केले. दत्तक गेलेल्या काही मैदानांवर क्लब उभे राहिलेले लोकांनी पाहिले होते. विरोध झाला आणि मुख्यमंत्र्यांनी धोरणाला स्थगिती दिली. वांद्र्याच्या बँडस्टँडसारख्या ठिकाणी रहिवाशांच्या न्यासाने समुद्रकाठ आणि किल्ल्याचा परिसर सर्वांसाठी खुला ठेवून सांभाळला, हेही याच वाटचालीतले. दत्तक घेणे आणि गिळणे यांतला फरक संस्थेच्या नावावरून कळत नाही, फाटकावर कोणाला अडवले जाते यावरून कळतो.

दुसरी साखळी

इथवरची कहाणी मुख्यतः इमारतींतल्या लोकांची आहे. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख आणि त्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडवस्त्यांत राहणारे. त्यांचीही संघटना होती आणि ती एएलएमपेक्षा जुनी होती. मानखुर्दच्या जनता कॉलनीतून पुढे आलेल्या ए. जोकिन यांनी 1970 च्या दशकात वस्त्यांचा महासंघ बांधायला घेतला. ती कॉलनी 1976 मध्ये उठवली गेली आणि लोकांना चीता कँपला हलवण्यात आले. 1984 मध्ये स्थापन झालेली 'स्पार्क' ही स्वयंसेवी संस्था आणि त्यानंतर पदपथावरच्या बायकांची 'महिला मिलन' त्याला येऊन मिळाली. रोजची बचत, आपल्या घरांची आपणच मोजणी, आणि त्या आकड्यांच्या बळावर सरकारशी वाटाघाटी, ही त्यांची रीत. जोकिन यांना 2000 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वस्त्यांतली सामुदायिक शौचालये बांधून ती स्थानिक मंडळांनी चालवण्याचा मोठा कार्यक्रमही यातून उभा राहिला.

या दोन साखळ्या एकाच विभाग कार्यालयाच्या दोन वेगवेगळ्या दारांतून आत जात राहिल्या. सोसायटीच्या पत्रात वस्ती बहुतेक वेळा 'अतिक्रमण' म्हणून येई आणि फेरीवाला 'उपद्रव' म्हणून. भाजी त्याच फेरीवाल्याकडून घ्यायची आणि तक्रारही त्याचीच करायची, हा दुटप्पीपणा अनेक एएलएमच्या इतिवृत्तांत सापडेल. नाला मात्र सोसायटीमागून वाहत वस्तीतच जातो आणि तुंबला की दोघांच्याही घरात पाणी भरते. नालेसफाईच्या प्रश्नावर दोन्हीकडची मंडळे एकाच टेबलाशी बसल्याची उदाहरणे तुरळक आहेत, आणि या चळवळीचे सर्वांत मोठे अपयश म्हणून तेच नोंदवावे लागेल.

ओहोटी

2010 नंतर नोंदीतल्या आणि प्रत्यक्षात काम करणाऱ्या एएलएममधले अंतर वाढत गेले. सुरुवातीचे कार्यकर्ते थकले. त्यांत निवृत्त माणसे आणि गृहिणी यांचा भरणा होता. नोकरीवरून रात्री नऊला परतणारी पुढची पिढी बैठकीला येत नव्हती. पुनर्विकासात जुन्या इमारती पडल्या, शेजार विस्कटला, आणि नव्या टॉवरला स्वतःचे फाटक, स्वतःचे उद्यान, स्वतःची सुरक्षा मिळाली. त्याला गल्लीची गरज वाटेना.

जानेवारी 2016 मध्ये देवनार पेटले. 1927 पासून कचरा घेणाऱ्या या क्षेपणभूमीचा धूर अनेक दिवस शहरावर राहिला आणि फेब्रुवारीअखेर उच्च न्यायालयाने कचऱ्याची सोय होईपर्यंत नव्या बांधकामांना मनाई केली. त्याच वर्षी नवे घनकचरा नियम आले. 2017 मध्ये पालिकेने 20 हजार चौरस मीटरहून मोठ्या संकुलांना आणि दिवसाला शंभर किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांना आपला ओला कचरा आवारातच जिरवण्यासाठी 2 ऑक्टोबरची मुदत दिली. जोशी लेनमध्ये खुशीने सुरू झालेली गोष्ट वीस वर्षांनी सक्तीची झाली. एकेकाळी नऊ हजार टनांच्या पुढे गेलेला रोजचा कचरा पालिकेच्या आकडेवारीनुसार पुढे सुमारे सात हजार टनांपर्यंत उतरला.

त्याच सुमारास कचऱ्याचे काम न करणाऱ्या एएलएमची नोंदणी रद्द करण्याची भूमिका पालिकेने घेतली. मूळ कराराच्या दृष्टीने ते बरोबरच होते. पण कार्यकर्त्यांना त्यातून आपली जागा कळली : आपण पालिकेच्या एका योजनेचे लाभार्थी आहोत. सहायक आयुक्त उत्साही असले तर बैठक होते, बदलून गेले तर फाइल बंद होते.

ग्रामसभा गावाला, मुंबईला काय?

खरे दुखणे इथेच आहे. 1993 मध्ये अमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने गावाला ग्रामसभेचे घटनात्मक स्थान दिले. त्याच वेळच्या 74 व्या दुरुस्तीने मोठ्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या. मुंबईत एका विभागाची सरासरी लोकसंख्या सुमारे पाच लाख; तिथल्या समितीत नगरसेवक बसतात आणि स्वयंसेवी संस्थांच्या नामनिर्देशित प्रतिनिधींना मताधिकार नसतो. हजार वस्तीच्या गावातला शेतकरी ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. घाटकोपरच्या रहिवाशाला तो हक्क नाही.

केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेची अट म्हणून महाराष्ट्राने 2009 मध्ये क्षेत्रसभेचा कायदा केला. लगतच्या काही मतदान केंद्रांच्या हद्दीतले सगळे मतदार मिळून क्षेत्रसभा आणि नगरसेवक तिचा अध्यक्ष, अशी त्याची रचना. मतदार म्हटले की सोसायटी आली, वस्ती आली, भाडेकरू आला, फेरीवाला आला. एएलएमला जे साधले नाही ते या व्याख्येतच आहे. "हे कोण?" या नगरसेवकाच्या प्रश्नालाही त्यात उत्तर आहे. कायदा झाला, अंमल झाला नाही. पुण्याने 2006 पासून पालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवलेल्या कामांना जागा दिली, मुंबईत तेवढेही नाही. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले आणि बराच काळ निवडणुका झाल्या नाहीत, तेव्हा तर शहराचे ऐकणारे अधिकृत व्यासपीठच उरले नव्हते. त्या काळात ज्या विभागांत एएलएमचे महासंघ जिवंत होते, तिथे निदान विचारणारे कोणी होते.

एएलएमने मुंबईला दोन गोष्टी सिद्ध करून दाखवल्या : शेजारी एकत्र येऊन गल्ली सांभाळू शकतात, आणि गल्ल्या एकत्र येऊन आराखडा परतवू शकतात. ही ताकद अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडून देण्यात शहराचा तोटा आहे. राज्य सरकारने क्षेत्रसभेचे नियम करून 2009 चा कायदा अमलात आणावा, ही मागणी प्रत्येक विभागातल्या महासंघाने लावून धरली पाहिजे. तोवर एक काम कायद्यावाचूनही करता येईल. पावसाळ्याआधीच्या नालेसफाईच्या बैठकीचे पत्र या वेळी नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या मंडळालाही पाठवावे, आणि विभाग कार्यालयात एकाच दाराने जावे.